स्टार्टअप सुरू केलंय, घर बदलायचंय: बाणेर, कोथरूड, वाकड की थेट भोसरीकडे?

कंपनमापी

नमस्कार मंडळी,

सध्या आम्ही सिंहगड रोडला आनंदनगरमध्ये राहतो. घरमालकांनी फ्लॅट विकायला काढलाय, त्यामुळे शाळा सुरू व्हायच्या आत हलावं लागणार. एरवी दोन गल्ल्या सोडून दुसरं घर बघितलं असतं. पण दिवाळीनंतर नोकरी सोडून मी स्वतःचं काम सुरू केलंय, आणि आता प्रश्न नुसता भाड्याचा राहिलेला नाही.

काम असं: सीएनसी, व्हीएमसी मशिनना (संगणकाच्या हुकमावर धातू कापणारी यंत्रं) लावायचं एक छोटं डबडं आम्ही बनवतो. वायरीभोवती करंट मोजणारा क्लॅम्प, स्पिंडलजवळ, म्हणजे मशिनच्या फिरत्या दांड्याजवळ, कंपनं मोजणारा सेन्सर. मशिन खरंच किती वेळ चाललं, किती वेळ नुसतं उभं होतं, बेअरिंग कधी कुरकुरायला लागलं, हे मालकाला मोबाईलवर दिसतं. आम्ही दोघं भागीदार. तो कोथरूडला आईवडिलांकडे राहतो, सॉफ्टवेअर त्याच्याकडे. जोडणी, गिऱ्हाइकं आणि बोलणी खाणं माझ्याकडे. गिऱ्हाइकं जवळपास सगळी भोसरी एमआयडीसीत, एखाददुसरं चाकणला.

नवऱ्याची नोकरी हिंजवडी फेज ३ ला, आठवड्यातून तीन दिवस हजेरी. मुलगी चार वर्षांची, जूनपासून ज्युनिअर केजी. भाडं २५ हजार, फार ताणलं तर २८. घर सध्या एका पगारावर चालतंय, म्हणजे भाड्यात वाढलेला प्रत्येक हजार कंपनीच्या खिशातून जाणार.

घरात चर्चेत असलेली नावं: बाणेर-बालेवाडी (सगळे म्हणतात स्टार्टअपवाले तिकडेच), कोथरूड (भागीदार, शाळा, ओळखीपाळखी), वाकड (नवऱ्याला बरं). मी भोसरीच्या आसपास बघू का म्हटलं तर "तिकडे कोण राहतं?" असा चेहरा झाला. राहणारे लाखो आहेत, पण आमच्या माहितीत कोणी नाही हे खरं. ज्यांनी असं काही केलंय त्यांनी सांगा.

नळस्टॉप

कोथरूड. विषय संपला.

पुन्हा_पुण्यात

बाणेरची बाजू मी घेतो, कारण इथे बाकी कोणी घेईलसं दिसत नाही.

बंगळूरला आम्ही एचएसआर लेआउटला राहायचो. घर घेताना मलाही वाटलं होतं की लॅपटॉप उघडून कॉफी पीत बसणाऱ्यांच्या गर्दीत राहून काय मिळणार? तर आमचा फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर, लिहिणारा मुलगा खालच्या मजल्यावरचा निघाला. त्याची कंपनी डबघाईला आलेली, जिन्यात बोलणं झालं आणि महिनाभरात आमच्याकडे आला. वकील तसाच मिळाला. पहिले पैसे घालणारा माणूसही रोज सकाळी त्याच बागेत चालायला यायचा. अशी माणसं वेळ ठरवून भेटली की औपचारिक बोलतात. चारदा समोर आली की मग खरं सांगतात: तुमचा दर चुकलाय, अमक्याला नोकरीवर घेऊ नका, वगैरे. पुण्यात ही वस्ती बाणेर-बालेवाडीलाच आहे.

आणि कामावर घ्यायच्या पोरांचं काय? त्यांची वस्ती वाकड, बाणेर, हिंजवडीकडे. भोसरीला बोलावलंत तर एक पावसाळा काढतील आणि राजीनामा देतील.

२५ हजारांत बाणेरला धड टू बीएचके मिळणं अवघड आहे, हे कबूल. वन बीएचके किंवा आतल्या बाजूची जुनी इमारत बघावी लागेल. डिपॉझिटचं मात्र पुण्यात सुख. बंगळूरला दहा-दहा महिन्यांचं भाडं आधी मागायचे, इथे दोन-तीन महिन्यांवर भागतं. तुमच्यासाठी तो फरक म्हणजे सेन्सरचा एक अख्खा लॉट.

गाळेवाला

ताई, माझा गाळा भोसरीत टी ब्लॉकला. चार व्हीएमसी, दोन टर्निंग सेंटर. म्हणजे तुम्ही ज्याच्या दारात येता तो मी.

खरं सांगू का, दिवसा आम्ही तुमच्याशी बोलतो ते वाटेला लावण्यासाठी. सकाळी मटेरियलची गाडी, मग मोठ्या कंपनीचा क्वालिटीवाला, दुपारी बँक, त्यात कुठेतरी टूल मोडलेलं. टेकायला मिळतं संध्याकाळी सातनंतर. बहुतेक लहान गाळ्यांत बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या, आठला रात्रपाळी लागते. तोवर मालक केबिनमध्ये असतो, चहा सांगतो, आणि समोर जो बसलेला असेल त्याचं ऐकून घेतो. माझा कॉम्प्रेसर, इन्सर्टचा सप्लायर, इतकंच काय थोरलीचं स्थळ, सगळं त्या तासाभरात ठरलेलं आहे. तुम्ही सिंहगड रोडहून येणार, पाळणाघराच्या वेळेसाठी साडेपाचलाच घड्याळ बघायला लागणार. ऑर्डर दुसरा कोणी घेऊन जाईल.

दुसरं असं. तुमच्यासारखंच एक यंत्र एका कंपनीने माझ्याकडे लावलं होतं. पहिला आठवडा झकास. मग रिपोर्टमध्ये मशिन रोज रात्री आठला बंद आणि नऊला चालू दिसायला लागलं. त्यांचा इंजिनिअर फोनवर म्हणायचा नेटवर्कचा प्रॉब्लेम, सिम बदला. सिम बदललं, अँटेना बदलली, काही फरक नाही. शेवटी मीच एकदा थांबलो. रात्रपाळीचा ऑपरेटर आला की आधी क्लॅम्प काढून खिळ्याला अडकवायचा, तंबाखू-चहा उरकायचा, पहिला पीस सेट करायचा आणि मग क्लॅम्प परत लावायचा. सेटिंगला लागणारा वेळ मालकाला आळस म्हणून दिसतो अशी त्याची तक्रार, आणि त्यात तथ्यही होतं. यंत्राला सेटिंगची वेगळी खूण हवी होती, एक बटण बस. पण पाळी बदलताना मशिनपाशी उभं राहिल्याशिवाय हे कळणार कसं? डबडं परत गेलं.

आणि आमची सुट्टी गुरुवारी. एमआयडीसीत विजेची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची, म्हणून सगळा कारभार गुरुवारी बंद आणि रविवारी चालू. मिस्टरांची सुट्टी शनिवार-रविवार, शाळेची रविवार. घर कुठेही घ्या, रविवारी तुम्हाला फोन येणार हे घरच्यांना आधी सांगून ठेवा.

कंपनमापी

काका, साष्टांग. आमच्या एका गिऱ्हाइकाकडे अगदी हेच दिसतंय आणि आम्ही दोघं राउटरच्या मागे लागलोय. उद्या रात्री आठला जाऊन उभी राहते.

सेटिंगच्या बटणाचं भागीदाराला सांगितलं. तो म्हणतो स्क्रीनवर देऊ. मी म्हटलं, ऑइलचे हात आहेत, स्क्रीन नको, खटका दे.

सुतारवाडीची

बायोटेकवाली आहे, म्हणून उलट बाजूने सांगते. आमचं काम एन्झाइमचं. पाषाण रोडला एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आवारातलं व्हेंचर सेंटर हे आमचं घर म्हटलं तरी चालेल. प्रयोगशाळेतलं बाक भाड्याने मिळतं, आम्हाला जन्मात परवडली नसती अशी उपकरणं तासावर वापरता येतात, आणि बायरॅक या केंद्र सरकारच्या बायोटेक संस्थेचं ५० लाखांपर्यंतचं 'बिग' अनुदान ज्या केंद्रांमार्फत मिळतं त्यातलं ते एक. कल्चर वाढायला घातलं की रात्री अकरालाही डोकावून यावं लागतं. सुतारवाडीतलं आमचं घर जुनं आहे, लिफ्ट महिन्यातून चार दिवस रुसते, पण गाडीवर टांग टाकली की लॅब. याच पैशात पिंपळे निलखला चकाचक फ्लॅट मिळत होता, नाही घेतला.

मुद्दा एवढाच की काम कुठे अडतं ते बघून घर घ्यावं. माझं बाकावर अडतं. तुमचं गाळेवाल्यांच्या केबिनमध्ये अडतंय असं वरच्या प्रतिसादावरून दिसतं. बाणेरचे जिने सॉफ्टवेअरवाल्यांना लाभत असतील, त्यांचं माणसांवाचून अडतं.

नळस्टॉप

कोथरूडहून भोसरी अवघड नाही हो. वनाझला मेट्रोत बसा, सिव्हिल कोर्टला बदला, भोसरीला उतरा. घामाचा थेंब नाही.

मुळाकाठ

नळस्टॉप, तुम्ही त्या 'भोसरी' स्टेशनला कधी उतरलायत का? सुरुवातीचं नाव भोसरी, पण स्टेशन नाशिक फाट्याला. भोसरी गाव आणि एमआयडीसी तिथून रिक्षाच्या अंतरावर, आणि हातात वीस डबड्यांचा खोका असला की शेअर रिक्षावाला दोन सीटचे पैसे मागतो. नवखी माणसं जिना उतरून "एमआयडीसी कुठे?" विचारताना रोज दिसतात.

पण मेट्रोचा मुद्दा सोडून देण्यासारखा नाही. पिंपरीकडून येणारी लाईन मार्च २०२२ ला फुगेवाडीपर्यंत, ऑगस्ट २०२३ ला सिव्हिल कोर्टपर्यंत आणि सप्टेंबर २०२४ ला स्वारगेटपर्यंत सुरू झाली. त्या शेवटच्या टप्प्याने कंपनमापीबाईंसारख्यांचं मोठं काम केलंय. पूर्वी पिंपरीतून बुधवार पेठेत कनेक्टर आणायला जायचं म्हणजे अर्धा दिवस, त्यात गाडी लावायला जागा नाही. आता कसबा पेठ नाहीतर मंडईला उतरून पासोड्या विठोबा, तपकीर गल्ली पायी करा आणि जेवायला परत. त्यामुळे घर या लाईनच्या अल्याड-पल्याड असेल तर एका टोकाला गिऱ्हाईक, दुसऱ्या टोकाला सुटे भाग, मध्ये शिवाजीनगर. कोथरूडहून हेच करायचं तर दर वेळी सिव्हिल कोर्टला जिने चढा-उतरा.

हिंजवडीच्या मेट्रोच्या भरवशावर मात्र घर ठरवू नका. ज्या दिवशी करारावर सही कराल त्या दिवशी जे चालू असेल तेवढंच धरा. सोसायटीच्या जाहिरातीतली मिनिटं बिल्डरच्या घड्याळाची असतात.

शिरोलीकर

पुण्यातच राहायला पाहिजे असा काय नियम आहे काय? आमचं पण मशिन शॉपसाठीच सॉफ्टवेअर आहे. मी पुण्यातला फ्लॅट सोडून कोल्हापूरला घरी आलो. भाडं शून्य, जेवण आईच्या हातचं. शिरोली, गोकुळ शिरगाव, हातकणंगले, कुठंबी जावा, फौंड्री नाहीतर मशिन शॉप आहेच. नवीन काय लावायचं झालं की पहिल्यांदा मामाच्या शॉपमध्ये लावतो, शिव्या खातो, दुरुस्त करतो, मग पुण्याला पाठवतो. पुण्याच्या भाड्यात जेवढे पैसे जायचे तेवढ्यात इथं एक पोरगं कामाला ठेवलंय.

पुन्हा_पुण्यात

शिरोलीकर, पटलं. पण त्यांच्या मिस्टरांना हिंजवडीला हजेरी लावायची आहे. पगार तिकडून येतोय.

शिरोलीकर

व्हय, ते राहिलंच. पगार येतोय तंवर पगाराजवळ राहा.

दोन_डबे

अगं, सगळे तुझ्या गिऱ्हाइकांचं बोलतायत, चार वर्षांच्या पोरीचं कोणी बोलेना. मी बोलते.

शाळा निवडताना फी बघशीलच, त्याआधी बघ की शाळा सुटल्यावर पोर कुठे जाणार. ज्युनिअर केजी तीन-साडेतीन तासांचं. पुढचं सगळं पाळणाघरावर. बरीचशी पाळणाघरं सातला बंद, साडेसहापासूनच मावशींचे फोन सुरू. काका म्हणतात मालक सातला मोकळे होतात. या दोन वेळांच्या मध्ये तुझा धंदा अडकलाय, वॉर्डाच्या नावात नाही. म्हणून मी आधी पाळणाघर शोधलं, मग त्याच्या आसपास घर. आठ-साडेआठपर्यंत ठेवणारी बाई मिळाली. तिचा स्वतःचा मुलगा आमच्याच शाळेत. घर तिच्या बिल्डिंगच्या मागे घेतलं. भाडं दोन हजारांनी जास्त, पण त्या दोन हजारांत माझी रोजची संध्याकाळ आली.

आणि ज्या तीन दिवशी नवरा हिंजवडीला, त्या दिवशी संध्याकाळच्या मीटिंग ठेवूच नकोस. उरलेल्या दोन दिवसांत पाळी बदलायच्या वेळा बसव. रविवार तर तुझाच, तो घरी असतो की. गुरुवारची सुट्टी कामाला येते: बँक, शाळेची पालकसभा, पोरीची लस, सगळं गुरुवारी. फक्त आमच्याकडे गुरुवार म्हणजे पाणी बंद, वीज बंद, एवढं लक्षात ठेव. पुण्यात दुरुस्तीची सगळी कामं गुरुवारी काढायची कोणी ठरवलं देव जाणे.

रात्रीचं: एमआयडीसीतले आतले रस्ते नऊनंतर सुनसान असतात, गुरुवारी तर दिवसाही. ये-जा टेल्को रोडनेच कर, जवळच्या रस्त्याच्या मोहात पडू नकोस. आणि तुमचा डबडेवाला खोका स्कूटरच्या पुढे ठेवायचा प्रयत्न करू नकोस, मी बघितलेत असे लोक.

कंपनमापी

दोन_डबे, तुम्ही माझ्या घरात सीसीटीव्ही लावलाय का? खोका पुढेच असतो. पाळणाघर आधी, हे माझ्या यादीत कुठेच नव्हतं. आजपासून पहिलं.

राहाटणीकर

नावं सुचवायला कोणी तयार नाही म्हणून सुचवतो. पिंपळे सौदागर नाहीतर राहाटणी बघा.

नाशिक फाटा ते वाकड असा सरळ बीआरटीचा (बसला वेगळी मार्गिका असलेला) रस्ता आहे, आम्ही त्यालाच लागून. सकाळी नवरा डावीकडे वाकड-हिंजवडीला, तुम्ही उजवीकडे नाशिक फाट्याला, उड्डाणपूल ओलांडला की भोसरी. दोघांचा रस्ता एकच, दिशा उलट्या. असं पुण्यात फार थोड्या ठिकाणी जमतं. वाकडच्या पुलाजवळ तुंबतं ते त्यांच्या नशिबी येणारच, पण त्यांना तिथे आठवड्यातून तीनदा जायचंय. तुम्हाला रोज जायचंय, आणि तुमची बाजू बरी आहे. पिंपळे सौदागरमध्ये नव्या टॉवरना तुमचं बजेट पुरणार नाही, जुन्या तीन-चार मजली सोसायट्यांत पुरेल. राहाटणी त्याहून स्वस्त. पाळणाघरं भरपूर, कारण घराघरात दोघं नोकरीला. आणि वर कोणीतरी म्हणालं त्या फर्मवेअरवाल्या पोरांपैकी निम्मी आमच्याच गल्लीत पीजीत राहतात.

दुसरा पर्याय संत तुकारामनगर. मेट्रो स्टेशन दारात, वल्लभनगरचा एसटी स्टँड चालत, वायसीएम हॉस्पिटल तिथेच, आणि नेहरूनगरमधून एमआयडीसीत शिरलं की टी ब्लॉक-जे ब्लॉक हाकेच्या अंतरावर. जुनी वस्ती, झाडं चांगली, दिखाऊपणा शून्य. हिंजवडी मात्र लांब पडेल. अगदीच भोसरीत म्हणाल तर इंद्रायणीनगर, तेही वाईट नाही. पण तिथून हिंजवडी म्हणजे मिस्टर तुमच्याशी बोलणं सोडतील.

पाण्याचं आधीच सांगतो. आमच्या पिंपरी-चिंचवड महापालिकेत नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी. बातमीत वाचून माणूस घाबरतो, पण ज्या सोसायटीची जमिनीखालची टाकी मोठी आहे तिथे हे जाणवतही नाही. ज्यांची लहान आहे तिथे टँकर, आणि टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये. घर दाखवणारा एजंट यावर "पाणी चोवीस तास" एवढंच म्हणेल. वॉचमनला विचारा: एप्रिल-मेमध्ये दिवसाला टँकर किती येतात? तो खरं सांगतो, गेट त्यालाच उघडायचं असतं. बाणेरलाही हाच प्रश्न विचारा, उत्तर ऐकून भोसरी आवडायला लागेल.

पुन्हा_पुण्यात

राहाटणीकरांच्या रस्त्याच्या मुद्द्यापुढे माझं बाणेर थोडं मागे पडतं, मान्य. पण गाठीभेटींचं सोडू नका. राहायला राहाटणी आणि महिन्यातून चार वेळा बालेवाडीला दिवसाच्या पासवर कोवर्किंगमध्ये बसणं, हे जमण्यासारखं आहे. पैसे घालणाऱ्यांना भेटायला घर बाणेरला असावं लागत नाही, एक टेबल पुरतं. उलट तुमच्या बाबतीत त्यांना गाळेवाल्या काकांकडे घेऊन जा. चालू मशिनवर लावलेलं डबडं बघितलं की पुढची वीस स्लाइड वाचतात.

मुळाकाठ

+१. आणि चिंचवडचं ऑटो क्लस्टर कोणीच कसं सांगितलं नाही? थ्रीडी प्रिंटिंग, तपासणीच्या लॅब, आणि पिंपरी-चिंचवडचं स्टार्टअप इन्क्युबेशन सेंटरही तिथेच. आवरणाचे पहिले नमुने घरच्या प्रिंटरवर काढत बसण्यापेक्षा तिथे जा. राहाटणीहून किती लांब आहे?

राहाटणीकर

काळेवाडीवरून गेलं की आलंच.

आकडेमोड

सीए आहे, आणि घर-कम-ऑफिसचे घोळ रोज निस्तरतो, म्हणून लांबण लावतो.

करार. महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा १९९९, कलम ५५: लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मुदत ११ महिन्यांची असली तरी. "अकराचाच आहे, नोटरी करून टाकू" म्हणणाऱ्या एजंटला नमस्कार करून निघा. नोंदणीची जबाबदारी कायद्याने मालकावर आहे, आणि खर्चाचं म्हणाल तर फारसा नाहीच. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून ती रक्कमही त्यात मिळवायची. २५ हजार भाडं, ७५ हजार डिपॉझिट, ११ महिने, तर सातशेच्या आसपास होतं. वर पालिका हद्दीत १००० रुपये नोंदणी फी. ऑनलाइन होतं, घरी येऊन अंगठे घेऊन जातात.

कंपनीचा पत्ता. तुम्ही प्रायव्हेट लिमिटेड काढली असेल किंवा काढणार असाल तर नोंदणीकृत कार्यालय भाड्याच्या घरात ठेवू नका. मालकाचं ना हरकत पत्र आणि दोन महिन्यांच्या आतलं लाइट बिल लागतं, जीएसटीलाही तशीच कागदपत्रं. पुढच्या वर्षी घर बदललं की सगळं पुन्हा. त्यात एक गंमत आहे: त्याच शहराच्या हद्दीत पत्ता बदलला तर संचालक मंडळाच्या ठरावावर भागतं, पण पुण्यातून पिंपरी-चिंचवडमध्ये नेलात तर शहराची हद्द बदलते आणि भागधारकांचा विशेष ठराव लागतो. भागीदाराचे आईवडील कोथरूडला स्वतःच्या घरात आहेत ना? पत्ता तिथे ठेवा, तुम्ही दर वर्षी घर बदला, कंपनीला पत्ताही लागणार नाही. (नळस्टॉप खूश.) माल दुसरीकडे जोडत असाल तर ती जागा जीएसटीमध्ये अतिरिक्त म्हणून दाखवायची. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर शॉप अ‍ॅक्टला २०१७ च्या कायद्याप्रमाणे नुसती ऑनलाइन सूचना पुरते.

घरात जोडणी. टेबलावर सोल्डरिंग, तपासणी, पॅकिंग इथपर्यंत कोणी विचारत नाही. पण घरगुती मीटरवर उत्पादन सुरू केलंत तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होऊ शकते. आणि त्याआधी सोसायटीचे सेक्रेटरी येतील.

गाळेवाला

साहेबांनी जोडणीच्या जागेचा विषय काढला म्हणून सांगतो. संख्या वाढली की बाईंना जागा लागणार, आणि मग स्वस्त शेडचे दलाल फिरायला लागतील. एमआयडीसीतला गाळा पोटभाड्याने घ्यायचा तर मूळ धारकाने एमआयडीसीची परवानगी घेतलेली असावी लागते, तो कागद बघितल्याशिवाय डिपॉझिट देऊ नका. आणि हद्दीबाहेर चिखली-कुदळवाडीकडे भाडं निम्मं सांगतील. २०२५ च्या फेब्रुवारीत तिथली हजारो शेड आणि गोदामं अनधिकृत म्हणून पाडली गेली, त्यात चालू कारखानेही होते. आमच्या ओळखीतल्या एकाला लेथ ट्रकवर चढवून दुसऱ्याच्या आवारात ताडपत्रीखाली ठेवावं लागलं.

तोवर माझ्याकडे मेझानिनवर, म्हणजे गाळ्यातल्या पोटमाळ्यावर, एक खोली मोकळी आहे. थ्री फेजची गरज नसेल तर बसा दोन महिने. भाडं नको, माझ्या सहाही मशिनवर डबडी लावा. खटकावाली.

कंपनमापी

काका, व्यनि (व्यक्तिगत निरोप) बघा.

सगळ्यांचे मनापासून आभार. घरात काल रात्री हा धागा मोठ्याने वाचून दाखवला. "नवरा डावीकडे, तुम्ही उजवीकडे" इथे नवऱ्याने नकाशा उघडला आणि मग बराच वेळ वर बघितलंच नाही. वाकड त्यानेच यादीतून काढलं. आता राहाटणी आणि पिंपळे सौदागरची जुनी बाजू, एवढंच बघणार आहोत, पण त्याआधी पाळणाघर. दोन्हीकडची नावं असतील तर कृपया सांगा, साडेआठपर्यंत ठेवणारी. संत तुकारामनगर मला एकटीला फार आवडलं असतं, पण तीन दिवस तो दोन तास रस्त्यात घालवणार आणि मी दहा मिनिटांत घरी, हे फार दिवस टिकणार नाही.

आकडेमोड, एक शंका. कंपनीचा पत्ता कोथरूडला ठेवला तरी बॉक्स, कुरिअर माझ्या घरी येणार. ते करारात लिहायचं का? एका मालकांनी फोनवरच "बिझनेस-बिझनेस काही नको हं" म्हणून सांगितलं.

आकडेमोड

करारात वापर 'राहण्यासाठी' असाच राहू द्या. त्यात "व्यवसाय" शब्द घुसवलात तर मालक, सोसायटी आणि वीज कंपनी, तिघांचे कान टवकारतात. पण लपवूही नका. मालकांना तोंडी स्पष्ट सांगा: कंपनीची नोंदणी या पत्त्यावर करणार नाही, पाटी लावणार नाही, कामगार येणार नाहीत, मी घरून काम करते आणि आठवड्यात चार-पाच कुरिअर येतील. पहिली तीन वाक्यं ऐकली की चौथ्याला बहुतेक जण हो म्हणतात. जे तरीही नाही म्हणतील त्यांचं घर सोडून द्या. आणि मालाचं चलन असलेली कुरिअर घरी न मागवता काकांच्या मेझानिनवर मागवा, तो पत्ता जीएसटीमध्ये अतिरिक्त जागा म्हणून टाकू. काकांकडून संमतीपत्र आणि गाळ्याचं लाइट बिल तेवढं घ्या.

गाळेवाला

बिल देतो. गुरुवार सोडून कधीही या.

दोन_डबे

राहाटणीतल्या पाळणाघराची दोन नावं व्यनि केलीत. पहिल्या ठिकाणी जाशील तर दुपारी चारला जा, मुलं झोपून उठायची वेळ असते. तेव्हा घर कसं आहे ते दिसतं. सकाळी सगळीच पाळणाघरं छान दिसतात.